पाच नंबरचा पाइप : बगॅस यार्डातल्या लोडरची डिझेल गळती

जानेवारीचा दुसरा आठवडा, गळीत हंगाम ऐन भरात. सकाळी सव्वासहाला फोन वाजला. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाच्या, यार्डातला ऑपरेटर बोलत होता. "मिस्त्री, मशीन सकाळचं उठतच न्हाई बघा. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. आणि केबिनात डिझेलचा वास यायलाय, परवापास्नं लई यायलाय."

एका दमात दोन तक्रारी. त्या दिवशी मी दोन्हींना मिळून एकच कारण धरलं आणि तिथंच चुकलो. गोकुळ शिरगावला माझं लहानसं गॅरेज आहे. लोडर, बॅकहो, ट्रॅक्टर हेच रोजचं काम, आणि डिझेल गळतीचं काम महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच. पण या एका मशीननं मला गळती शोधायची माझी पद्धतच बदलायला लावली. म्हणून हे प्रकरण पहिल्या चुकीसकट, जसं घडलं तसं लिहितोय.

मशीन आणि जागा

चाकांचा लोडर. सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, इनलाइन डिझेल पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे साधे मेकॅनिकल नोझल. सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काही नाही. तासमीटरवर ११,४०० तास. हंगाम सुरू असला की हे मशीन दिवसाला अठरा ते वीस तास चालतं, आणि बंद असतं ते रात्री उशिरापासून पहाटेच्या शिफ्टपर्यंत तेवढंच.

जागा समजून घेतल्याशिवाय या गळतीचं गांभीर्य कळणार नाही. ऊस गाळला की त्याच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. मिलमधून बाहेर पडताना त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. बॉयलरला लागतो तेवढा कन्व्हेयरवरून जातो, उरलेल्याचा यार्डात डोंगर होतो. त्या डोंगराचा वरचा थर उन्हात वाळून भुसा होतो, वाऱ्यानं उडतो आणि लोडरच्या सांदीसांदीत जाऊन बसतो. टर्बोखाली, मॅनिफोल्डच्या मागं, पंप आणि ब्लॉकच्या मधल्या खोबणीत. हात घालून काढला तर मुठीमुठीनं निघतो.

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, या भरवशावर लोक डिझेलची गळती चालवून घेतात. "ठिपकतंय होय, ठिपकू दे, सीझन संपला की बघू." मातीकामावरच्या मशीनला हे एक वेळ खपून जाईल. बगॅसच्या यार्डात नाही. लोडवर चालताना टर्बोचं कास्टिंग ४०० अंशांच्या वर सहज जातं. डिझेलचं आपोआप पेट घ्यायचं तापमान २०० ते २५० अंशांच्या आसपास धरतात. त्यात थेंब पडणं वेगळं आणि फवारा उडणं वेगळं. बारीक फवारा झाला की डिझेल फार लवकर पेट घेतं. आणि इथं तर खाली वाळलेला भुसा आयता पसरलेला.

पहिला दिवस : ओलं दिसलं ते बदललं

पोचलो तेव्हा सात वाजले होते. बॉनेट उघडलं. नोझलच्या डोक्यावरून जाणारे ओव्हरफ्लोचे, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारे, छोटे रबरी पाइप उष्णतेनं कडक झाले होते. दोन ठिकाणी नखानं दाबलं तरी चीर उघडत होती. रॉकर कव्हरच्या कडेला डिझेल साचलेलं. मला वाटलं, सापडलं. सगळे ओव्हरफ्लो पाइप नवे टाकले, बंजो बोल्टांचे कॉपर वॉशर बदलले, हँड प्रायमरनं एअर काढली, बॅटरीला दुसरी बॅटरी लावून मशीन उठवलं. पंधरा मिनिटं आयडलवर, म्हणजे ओझ्याशिवाय हळू चालत, ठेवलं, वेस्टनं पुसून बघितलं, सगळं कोरडं. सकाळचं न उठणंही याच चिरलेल्या पाइपांमुळं, तिथूनच एअर धरत असणार, असं मनाशी ठरवलं आणि नऊ वाजता परत आलो.

ते पाइप खराब होते यात शंका नाही, आणि बदलले ते बरोबरच केलं. पण मी इंजिन धुतलं नाही. लोडवर चालवून बघितलं नाही. आणि ऑपरेटरला एकही प्रश्न विचारला नाही. तिसऱ्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण दोन्ही दोषांची उत्तरं त्याच्याकडं तयार होती.

परत बोलावणं

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी यार्डाच्या सुपरवायझर साहेबांचा. ते चिडले नव्हते, पण लॉगबुक समोर ठेवून बसले होते. डिसेंबरभर मशीन तासाला ९ लिटरच्या आसपास डिझेल खात होतं. जानेवारीत पावणेदहा, आणि गेल्या आठवड्यात दहाच्या वर. "मिस्त्री, परवाचं काम झालं तरी आकडा खाली आला नाही. काम तेच आहे, ऑपरेटर तेच आहेत. मग हे एक लिटर जातं कुठं?"

मी त्यांना तिथंच हिशेब करून दाखवला. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटरचा. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलीलिटर. वीस तासांना ३.६ लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर रोजचे सव्वातीनशे. पण लॉगबुकातली वाढ याच्या पाचपट होती, आणि मशीनखाली जमीन तेवढी भिजलेली नव्हती. म्हणजे डिझेल थेंबानं पडत नव्हतं. ते कुठंतरी हवेत उडून जात होतं. हे ध्यानात आल्यावर मी आधी मशीन बंद करायला लावलं. दुसरा लोडर मोकळा होता म्हणून साहेबांनी दुपारपर्यंतचा वेळ दिला.

ऑइलची डिपस्टिक आधीच बघून घेतली. डिझेल बाहेर दिसत नसेल तर ते इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता असते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा किंवा डिझेल पंपाचा सील गेला की डिझेल थेट इंजिनच्या तळाच्या ऑइल संपमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल खाली यायच्या ऐवजी वर चढते. "ऑइल खात नाही" म्हणून मालक खूश असतो आणि आत बेअरिंग मरत असतात. इथं लेव्हल बरोबर होती, बोटांवर चिकटपणा होता, वास नव्हता. आतली गळती नव्हती.

मग ऑपरेटरला ट्रकच्या सावलीत बसवलं, चहा मागवला आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"सकाळी कधी उठत नाही? रोज?"

तो जरा थांबला. "रोज न्हाई. ज्या राती टाकी फुल्ल करून लावतो, त्या सकाळी एका ठेक्यात उठतंय. अर्ध्याच्या खाली गेली की कटकट. सेल्फ मारा, थांबा, परत मारा."

"आणि वास?"

"वास ढिगात घुसताना. बकेट भरून उचलायला लागलं की. उभं असलं की काय न्हाई."

दोन वाक्यांत प्रकरण दुभंगलं. टाकी भरलेली असताना नीट उठणं आणि अर्धी झाली की न उठणं, हा लाइन एअर धरत असल्याचा नमुना आहे, आणि तोसुद्धा टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या ओढीच्या भागात. तिथं इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. रात्रभर मशीन उभं राहिलं की त्या फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल मागं टाकीत उतरतं. टाकी भरलेली असेल तर डिझेलची पातळी फटीच्या वर राहते, उतरायला जागाच नसते, म्हणून सकाळी उठतं. दुसरा दोष दाबाच्या बाजूचा. तो फक्त लोडवर उघडतो, म्हणून आयडलवर पंधरा मिनिटं काय, पंधरा तास बघितलं असतं तरी दिसला नसता.

एकाचं लक्षण न उठणं, दुसऱ्याचं लक्षण वास, आणि माझ्या मनात दोन्हींना मिळून एकच कारण.

ओढीकडची फट

आधी इंजिन गार होऊ दिलं. बकेट जमिनीला टेकवली, चाकांना लाकडी गुटके लावले, बॅटरीची केबल काढली. हातानं आणि लाकडी कांडीनं भुसा काढला, पोतंभर निघाला. मग अल्टरनेटर आणि एअर इनटेक प्लॅस्टिकनं झाकून डिग्रीझर मारला, हलक्या पाण्यानं धुतलं, हवेनं सुकवलं. या कामाला सव्वा तास गेला. इतका वेळ धुण्यात घालवायचा असतो हे माझ्या हाताखालच्या पोराला पटेना. पण ओल्या, मळलेल्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे पंचगंगेला पूर आल्यावर घरातला फुटका नळ शोधण्यासारखं आहे.

सुकल्यावर बॅटरी जोडली. फीड पंपाच्या आधीचा छोटा होज काढून तिथं पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला. इंजिन चालू केलं. दोन मिनिटांत त्यातून साबुदाण्याएवढे बुडबुडे जायला लागले, तीन-चार एकत्र, मग थोडं थांबून परत. हवा येत होती, आता ती कुठून ते बघायचं होतं.

यासाठी सोपा उपाय आहे. टाकीची लाइन सोडून फीड पंपाला थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून ओढू द्यायचं. बुडबुडे तरीही आले तर दोष पंपाकडं. थांबले तर दोष मागं, टाकीकडं. इथं ते थांबले. मग डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरपर्यंत जोडून बघितलं, परत आले. दोष सेपरेटरच्या आसपास होता.

सेपरेटरला येणारा होज उतरवून एका टोकाला बूच लावलं, दुसऱ्या टोकाला गेजवाला हातपंप. दाब ५ पीएसआयच्या पुढे नेला नाही, जास्त दिला तर चांगला जोडही उघडतो आणि भलतंच दाखवतो. साबणाचं पाणी लावलं. होजच्या आतल्या वळणावर, क्लिपच्या अगदी कडेला, मोहरीएवढा फुगा आला आणि फुटला. परत आला, परत फुटला.

क्लिप सोडून होज बघितला तर दोन गोष्टी कळल्या. क्लिप इतकी आवळलेली की तिची कडा रबरात रुतून चीर पडली होती. आणि तो होज डिझेलचा नव्हताच. कोणीतरी हवेचा होज कापून बसवला होता. डिझेलला नायट्राइल रबर लागतं. साधं रबर, ट्यूबचं किंवा हवेच्या होजचं, डिझेल पिऊन फुगतं, मऊ होतं. मग तो ढिला वाटतो म्हणून माणूस क्लिप आणखी आवळतो आणि क्लिप रबर कापते. होजच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर त्या चिरेभोवती, बगॅसच्या भुशाचं काळपट कडं चिकटलेलं होतं. टाकी भरलेली असताना रात्री तिथून थोडंसं डिझेल पाझरत असणार आणि भुसा त्याला धरून राहत असणार. ही खूण पहिल्या दिवशीही तिथं होती. भुसा कोरड्या लोखंडावर बसतो आणि झटकला की उडतो. जिथं तो झटकूनही उडत नाही तिथं डिझेल आहे. बगॅस यार्डात गळती शोधणाऱ्याला निसर्गानंच पावडर मारून दिलेली असते.

होज बदलला, योग्य मापाचा, डिझेलचा. क्लिप दोन बोटांच्या ताकदीनं आवळली. पारदर्शक पाइपमधून आता अखंड धार जात होती.

दाबाची बाजू

आता खरी भीती होती त्या भागाकडं वळलो.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. इनलाइन पंपापासून नोझलपर्यंतच्या पाइपमध्ये डिझेलचा दाब २०० बारच्या वर असतो. केसाएवढ्या फटीतून एवढ्या दाबाचं डिझेल सुटलं तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण हाताची कातडी भेदून आत जातं. जागेवर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही. माणूस पुसतो आणि कामाला लागतो. काही तासांनी हात सुजायला लागतो, आतला मांसल भाग मरायला लागतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढायची पाळी येते. असं झालं तर मलमपट्टी करून घरी जायचं नाही. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय आहे तिथं लगेच जायचं आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. मी माझ्या पोरांना एकच गोष्ट रोज सांगतो. चालू इंजिनच्या पाइपवरून हात फिरवायचा नाही, कधीही नाही. पुठ्ठा फिरवायचा.

कोरड्या इंजिनवर, पाइपांच्या दोन्ही टोकांना, साधी अंगाला लावायची पांढरी पावडर हलक्या हातानं भुरभुरली. मशीन जागेवर उभं ठेवूनच लोड द्यायचा होता. ऑपरेटर केबिनमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, बकेट जमिनीलगत. त्यानं बकेट पूर्ण मागं ओढली आणि लिव्हर तसाच धरून ठेवला. सिलिंडर टोकाला गेले की हायड्रॉलिकचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह वाजायला लागतो आणि इंजिनवर ओझं येतं. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, ऑइल तापू द्यायचं नाही. मी चष्मा आणि हातमोजे घालून बाजूला, चार फुटी काठीला बांधलेला पांढरा पुठ्ठा हातात. अग्निशामकाचा लाल सिलिंडर पोराच्या हातात.

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी एक्सिलरेटर पूर्ण द्यायला सांगितला. पाच नंबरच्या नोझलजवळून पुठ्ठा नेला आणि त्यावर एक बारीक ओली रेघ उमटली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी सरळ. हात सोडला तर रेघ थांबली. परत लोड, परत रेघ. फॅनच्या वाऱ्यानं तो फवारा पुढं, रॉकर कव्हरवर ढकलला जात होता. म्हणून पहिल्या दिवशी ओलं दिसलं होतं ते तिथं, ओव्हरफ्लो पाइपांपाशी. दीड वीत अंतरावर टर्बो होता.

इंजिन बंद केलं. गार झाल्यावर पाच नंबरचा पाइप उतरवला. नटच्या खाली, जिथं पाइपचं टोक ठोकून जाड केलेलं असतं आणि सरळ नळी सुरू होते, बरोबर त्या सांध्यावर भिंगातून एक चीर दिसली. अर्ध्या वेढ्याची, नखाला लागतही नव्हती. आयडलवर ती मिटलेली राहते. लोडवर दाब वाढला की उघडते.

फोरमननी सुचवलं, "वर्कशॉपात पितळ लावून देतो. अर्ध्या तासात मशीन चालू." त्यांचा हेतू चांगला होता, बॉयलरला बगॅस थांबला की सगळ्यांवरच येतं. पण मी नाही म्हणालो. तापवल्यावर पाइपचा तो भाग आणखी कमजोर होतो, आत पापुद्रे सुटतात आणि ते सरळ नोझलच्या भोकात जाऊन बसतात. पाइप कापून आखूड करून बसवणंही चालत नाही. या पंपाचे सहाही पाइप मुद्दाम एकाच लांबीचे असतात, जवळच्या सिलिंडरचा पाइप वळसे घालून लांब केलेला असतो, म्हणजे डिझेल प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेळेत पोचतं. चिरेवर एम-सील लावणं, नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं, हेही प्रकार मी बघितलेत. २०० बारला असली पुट्टी टिकत नाही, आणि टेपचा धागा सुटला तर नोझल जातो. दाबाच्या पाइपला एकच दुरुस्ती आहे, नवा पाइप.

पाइप का तुटला

नवा पाइप टाकून निघून आलो असतो तर महिन्यानं परत हाच फोन आला असता. पोलादी पाइप उगाच तुटत नाही.

पाइपांच्या झुबक्याला मध्ये मध्ये क्लॅम्प असतात, दोन पट्ट्या, आत रबराचे पॅड, एक बोल्ट. या इंजिनला तीन असायला हवेत. होता एक. आणि त्या एकाच्या आतही मूळ पॅड नव्हता, ट्रकच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, तो डिझेल पिऊन फुगून लिबलिबीत झाला होता. ऑफ सीझनला पंप कॅलिब्रेशनला उतरवला होता असं साहेबांकडून कळलं. परत बसवताना दोन क्लॅम्प राहिले. कुठल्यातरी डब्यात पडले असतील. बसवणाऱ्याला वाटलं असेल, डिझेल तर नटात अडतंय, क्लॅम्पनं काय होतंय.

काय होतं ते सांगतो. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन फेऱ्यांत एकदा डिझेल मारलं जातं. २,००० आरपीएमला प्रत्येक पाइपमधून मिनिटाला १,००० ठोके. तासाला ६०,०००. वीस तासांच्या एका दिवसाला १२ लाख. प्रत्येक ठोक्याला पाइप किंचित ताठतो आणि सैल होतो, वरून इंजिनचा थरकाप. क्लॅम्प असेल तर तो हलणं मध्येच खाऊन टाकतो. नसेल तर सगळं हलणं दोन टोकांना, नटाजवळच्या त्या सांध्यावर जातं. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत त्या सांध्यानं किती कोटी ठोके खाल्ले असतील याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आणखी एक. पाइपचं टोक नोझलवर आपोआप सरळ बसत नव्हतं, थोडं ओढून आणावं लागत होतं. म्हणजे आधीच्या वेळी तो वाकवून, नट आवळून जागेवर आणला होता. पाइप पहिल्या दिवसापासून ताणात होता.

दुरुस्ती

पाइप, तीन क्लॅम्प आणि पॅड मूळ मापाचे हवे होते. पोराला मोटरसायकलवर कोल्हापूरच्या उद्यमनगरला पाठवलं. पाइप आणि क्लॅम्प मिळाले. पॅड मात्र दोनच, तिसऱ्यासाठी एका ओळखीच्या रबरवाल्याकडून नायट्राइलची पट्टी कापून आणली. उद्यमनगरात विचारत फिरलं तर बहुतेक सुटं सामान मिळतं, फक्त "हेच द्या, याच्यासारखं नको" एवढं ठामपणे सांगावं लागतं.

बसवताना आधी पाइप हातानं दोन्ही टोकांना लावून बघितला. दोन्ही नट बोटानं तीन-चार आटे सहज गेले, तेव्हाच पुढं गेलो. क्लॅम्प ढिले लावून ठेवले. मग नट, दोन पाने लावून. पंपाच्या टोकाचा नट आवळताना खालचा होल्डर दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचाच, नाहीतर डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर फिरतो आणि तिथं नवी गळती तयार होते. नट बसल्यावर शेवटी क्लॅम्प आवळले. हा क्रम उलटा केला तर पाइप परत ताणात जातो.

एअर काढली. आधी फिल्टरचा स्क्रू सोडून हँड प्रायमर, बुडबुडे संपेपर्यंत. मग पंपाचा. मग नोझलकडचे नट अर्धा आटा सोडून सेल्फ मारला, डिझेल आलं की आवळले. जुन्या मेकॅनिकल इंजिनला हे चालतं. १ एप्रिल २०२१ नंतरच्या सीईव्ही-४ या धुराच्या नियमांच्या मशीनवर बहुतेक कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना दाबाचं डिझेल देणारी एकच नळी, येते, तिथं दाब १,६०० बार आणि त्याच्याही वर जातो. तिथं चालू इंजिनवर नट सोडायचा विचारही मनात आणू नये. बंद केल्यावरही रेलचा दाब उतरेपर्यंत थांबायचं, आणि कंपनीनं पाइप उतरवल्यावर नवाच टाका असं सांगितलं असेल तर तो नवाच टाकायचा. जुन्या मशीनची सवय नव्या मशीनवर घेऊन जाणारे चांगले हात मी जखमी झालेले बघितलेत.

मग परत पावडर, परत पुठ्ठा, परत लोड. पाच वेळा. पुठ्ठा कोरडा. त्यानंतर मशीन ढिगावर पाठवलं, अर्धा तास खरं काम करून घेतलं, बॉनेट उघडून परत बघितलं. पावडर जशीच्या तशी होती, फक्त तिच्यावर भुसा बसला होता. झटकला, उडाला.

मी त्या दिवशी टाकी भरू दिली नाही. ऑपरेटरला सांगितलं, आज अर्ध्याच्या खालीच ठेवून लाव, सकाळी बघू. पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला. बोलला काहीच नाही, फोन इंजिनजवळ धरला. सेल्फचा एक ठेका आणि इंजिनचा आवाज.

लॉगबुकचा आकडा आठवड्यात ९ लिटरवर परत आला.

मार्चच्या अखेरीला हंगाम संपला तेव्हा बाकीच्या मशीनच्या कामासाठी त्या यार्डात गेलो होतो. लोडर शेडमध्ये लावलेला. बॉनेट उघडून बघितलं. आतल्या बाजूला ऑपरेटरनं पांढऱ्या पेंटनं मोठ्या अक्षरात "क्लॅम्प ३" असं लिहून ठेवलं होतं, आणि खाली बाण. मी मोजले. तीन होते. पॅड कोरडे, पाइप बोटानं हलवून बघितला, हलला नाही.